नात्याचा रकाना

पाकीट जाड होतं. होकार असला तर एकच कागद येतो, असं प्रीतानं सांगितलं होतं. प्रीता लॅबमधली मैत्रीण. तिच्या भावाच्या बायकोचा व्हिसा असाच झाला होता. पत्रपेटीपासून घरापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांत गिरिजानं पाकीट दोनदा दाबून पाहिलं. एक कागद नक्की नव्हता. आत आल्यावर तिनं ते ओट्यावर ठेवलं, बूट काढले, चहाचं आधण ठेवलं, आलं किसलं आणि चहा वर येईपर्यंत पाकिटाकडे पाठ करून उभी राहिली. खिडकीबाहेर मे महिना होता. अमेरिकेतल्या या ईडन प्रेरी गावात पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत दुकानांच्या पार्किंगमध्ये बर्फाचे काळे ढिगारे होते, आणि आता झाडं अशी हिरवी झाली होती की जणू मधलं काही घडलंच नव्हतं. समोरच्या घरातला माणूस गवत कापायचं यंत्र सुरू करायला दोरी ओढत होता. ते धरत नव्हतं. तो पुन्हा ओढत होता. एवढा मोठा माणूस, इतक्या शांतपणे तेच तेच करतोय, हे बघून तिला का कोण जाणे रडू येईलसं वाटलं, आणि तिनं गॅस बंद करून पाकीट फोडलं.

इमिग्रेशन खात्याच्या पत्राची भाषा सभ्य होती. अर्ज मिळाला, तपासला. अर्जदार, म्हणजे गिरिजा, आणि लाभार्थी, म्हणजे चंद्रशेखर, हे अर्जाआधीच्या दोन वर्षांत एकमेकांना प्रत्यक्ष भेटले होते असं दाखवणारा पुरेसा पुरावा त्यात नाही. तो बारा आठवड्यांच्या आत पाठवावा, नाहीतर अर्ज नामंजूर होऊ शकतो. खाली कुठकुठले पुरावे चालतील याची दोन पानं यादी होती. इंग्रजी शब्दाचं 'लाभार्थी' तिनं मनातल्या मनात केलं आणि तिला हसू आलं. लाभार्थी म्हटलं की तालुक्याच्या कचेरीबाहेर रांगेत उभा राहिलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. शेखर अशा रांगेत उभा राहिला असता, तर मागच्या म्हाताऱ्यांना पुढे सोडता सोडता खिडकी बंद झाली असती आणि तो काहीच न घेता घरी आला असता. भेटलो कशावरून, म्हणतात.

भेटलो कशावरून? पासपोर्टवर दोन शिक्के होते, पण ते भारतात गेल्याचे. कुणाला भेटायला गेलात ते शिक्क्यावर नसतं. एक फोटो होता. मिरजेच्या डायलिसिस सेंटरमधल्या मुलीनं काढलेला. मधोमध पलंगावर अण्णा, हातात नळ्या, चेहऱ्यावर 'लवकर उरका' असा भाव. एका बाजूला गिरिजा. दुसऱ्या बाजूला शेखर, अर्धा. एक डोळा, एक कान, चौकड्याच्या शर्टाची एक बाही. पन्नाशीच्या दोन माणसांनी, तेही आजाऱ्याच्या उशाशी, फोटो काढून ठेवायचं कुणाला सुचणार? आणि पुढच्या खेपेला ती गेली ती अण्णा गेल्यावर. त्या घरात तेरा दिवस कुणी कॅमेरा काढला नाही.

अण्णा, तिचे वडील पुरुषोत्तम, रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाल्यावर मिरजेत राहिले, आई गेल्यावर एकटेच राहिले, आणि मूत्रपिंडं निकामी झाल्यावरही अमेरिकेला यायला तयार झाले नाहीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार. कोण नेतं तुम्हाला, असं तिनं फोनवर विचारलं की ते म्हणत, समोरचा शेखर आहे ना. समोरच्या शेखरचं चष्म्याचं दुकान होतं. गिरिजा देश सोडून गेल्यानंतर कधीतरी तो तिथे आला होता, त्यामुळे तिच्या लेखी तो अण्णांच्या बोलण्यातला एक आवाज होता: शेखर म्हणाला, शेखरनं आणलं, शेखर येईलच आता. आठवड्यातले तीन अर्धे दिवस माणूस दुकान बंद ठेवतो याचा अर्थ काय, हे तिच्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. अण्णा जायच्या आधीच्या नोव्हेंबरात तीन आठवड्यांची रजा घेऊन ती गेली, तेव्हा दारात एक उंच, किंचित वाकलेला, केस पांढरे झालेला माणूस अण्णांच्या स्वेटरची बाही ओढून नीट करत होता. "या गिरिजाताई," तो म्हणाला, "तुमची सही पण लागेल आजपासून. नातेवाईक आले की मला जरा सुट्टी." पण त्यानं सुट्टी घेतली नाही. तिन्ही आठवडे तो सोबत आला. चार-चार तास ते दोघं बाहेरच्या बाकावर बसत. तो लेन्सविषयी बोलायचा. माणसाला जवळचं दिसेनासं होतं ते नेमकं का, हे त्यानं तिला तिच्याच हातातल्या पाण्याच्या बाटलीवर समजावून दिलं होतं. तिनं त्याला तिचं काम सांगितलं: मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याची केसाहून पातळ चकती कापायची, कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचेवर अलगद उचलायची, म्हणजे डॉक्टरांना रोग दिसतो. "म्हणजे दोघांचंही काम काचेचंच," तो म्हणाला होता. एवढंच. यात फोटो काढण्यासारखं काय होतं?

मार्चमध्ये एका पहाटे त्याचा फोन आला आणि त्यानं 'हॅलो' म्हणायच्या आधीच तिला कळलं. तो रडत नव्हता. "अग्नी कोण देणार, असं विचारतायत," तो म्हणाला. ती लगेच निघाली तरी दुसऱ्या दिवशीच पोहोचणार होती. "तुम्ही द्या," ती म्हणाली. मग तो 'बरं' म्हणाला. तेरावं करून ती परत आल्यावर त्याचे फोन चालूच राहिले. आधी विजेच्या मीटरसाठी, मग घराच्या किल्लीसाठी, मग कशासाठीच नाही. तिची सकाळ साडेसहाची, कामावर जायच्या आधीची, आणि त्याची संध्याकाळ, दुकानात गिऱ्हाईक नसतानाची. जूनमध्ये एकदा बोलता बोलता तो नुसतं "गिरिजा" म्हणाला आणि पुढचं वाक्य विसरला. तीही विसरली. सप्टेंबरमध्ये तिनंच विचारलं, तू इकडे येशील का. त्यानं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तिकडे चष्मेवाले असतातच, मला कोण विचारणार. पण येतो." मग तिनं लग्नासाठीच्या व्हिसाचा अर्ज केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला पत्राविषयी सांगितलं.

"बरोबर आहे त्यांचं," शेखर म्हणाला. "त्यांना कसं कळणार?"

"तुला राग नाही येत?"

"राग कसला? आपणही गिऱ्हाइकाला विचारतोच की, नंबर कशावरून वाढला म्हणता." मग म्हणाला, "सेंटरवर वही असते बघ. पेशंटबरोबर कोण आलं, त्याचं नाव, नातं, तारीख, सही. तू पण केल्यायस सह्या. त्या चालतील?"

ती विसरूनच गेली होती. निळ्या पुठ्ठ्याची लांब वही, दोरीला बांधलेलं पेन. तिनं त्या वहीवर सह्या केल्या होत्या, त्याच्या सहीखाली, तीन आठवडे, नऊ वेळा. रुग्णालयाच्या शिक्क्यासकट. त्या दिवशी लॅबमध्ये तिच्या हातून एकही चकती फाटली नाही. प्रीता म्हणालीसुद्धा, आज काय आहे यार, गातेयस.

आन्याला तिनं रविवारी सांगितलं. आन्या बावीस वर्षांची, मिनिआपोलिसमध्ये नोकरी करणारी. दर रविवारी कपडे धुवायला म्हणून यायची आणि जेवून जायची. तिचे वडील रवी अकरा वर्षांपूर्वी वेगळे झाले, दुसऱ्या राज्यात गेले. आता दिवाळीला फोन करायचे आणि तो फोन छान होत असे. आपली आई कुणाशी तरी लग्न करणार हे आन्यानं ऐकलं तेव्हा ती 'दॅट्स ग्रेट' म्हणाली होती, फार पटकन. आता कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "आई, आय ॲम नॉट बीइंग मीन. पण यू नो व्हॉट दे आर आस्किंग, राइट? दे आर आस्किंग की तो तुझ्यासाठी येतोय की ग्रीन कार्डसाठी."

"मला ठाऊक आहे काय विचारतायत."

"अँड?"

गिरिजानं तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि स्वतः घडी घातली. जन्मभर मराठी बोललेल्या आणि पंचवीस वर्षं इंग्रजीत काम केलेल्या बाईला आपल्या मुलीसमोर, आपल्याच घरात, वाक्य सापडू नये याची तिला लाज वाटली. शेवटी म्हणाली, "त्यानं अण्णांना अग्नी दिला."

"आय नो," आन्या हळू म्हणाली. "पण तू त्याच्यासाठी त्याच्याशी लग्न करतेयस ना? ॲज इन, अण्णा-आजोबांसाठी नाही?"

हा प्रश्न मात्र पत्रातल्या दोन पानांच्या यादीत नव्हता.

कुरियर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. शेखरनं वहीच्या प्रतींवर पानोपानी शिक्का मारून घेतला होता. फक्त नोव्हेंबरच्या नव्हे, मार्चपर्यंतच्या सगळ्या. लेन्स पुसायच्या मऊ कापडात पानं गुंडाळून पाठवली होती. शनिवारची दुपार होती. ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि एकेक पान उचलू लागली, कडेला धरून, जशी काच उचलतात तशी. नोव्हेंबर. चंद्रशेखर, शेजारी. गिरिजा, मुलगी. चंद्रशेखर, शेजारी. गिरिजा, मुलगी. एकाखाली एक नऊ वेळा. त्याचं अक्षर बारीक आणि उभं, तिचं पसरट. काही दिवशी पेनची शाई संपत आलेली, तेव्हा दोघांचीही नावं फिकट. तिला वाटलं, हे लग्नाच्या फोटोंपेक्षा बरं आहे. फोटोत माणसं कॅमेऱ्याकडे बघतात. इथे कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मग तिची रजा संपली, आणि रकान्यात नुसतं चंद्रशेखर, शेजारी, असं येऊ लागलं. आणि मग चार डिसेंबर. नाव चंद्रशेखर. पण अक्षर त्याचं नव्हतं. मोठं, थरथरतं, उजवीकडे कललेलं. ज्या अक्षरातली पत्रं तिनं वसतिगृहात असताना वाचली होती, ते अक्षर. अण्णांनी लिहिलं होतं. आणि नात्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: जावई.

सही शेखरची होती. पुढच्या वेळी पुन्हा त्याच्या हातचं, शेजारी. आणि तिथून मार्चपर्यंत शेजारी, शेजारी, शेजारी, जसं काही मधे कुणी काही बोललंच नव्हतं.

तिला नेमकं काय झालं हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. आधी ऊब आली, कानांपर्यंत. अण्णा जाताना काहीच बोलले नाहीत, ही तिची एक जुनी तक्रार होती, आणि ते बोलून ठेवून गेले होते. पण त्या उबेच्या मागोमाग काहीतरी गार सरकत आलं. म्हणजे हे ठरलेलं होतं. डिसेंबरातच. ती इथे, बर्फात, काही ठाऊक नसताना, मिरजेत एका वहीत तिचं लग्न लावून झालं होतं. जूनमधलं ते 'गिरिजा', ज्याच्यानंतर तिला दोन रात्री नीट झोप लागली नव्हती, ते तिला वाटलं होतं की त्या क्षणी, तिथल्या तिथे उगवलं. ते उगवलेलं नव्हतं तर मग काय होतं? एका भल्या माणसानं एका म्हाताऱ्याचा शब्द पाळला? शेखर तसा होताच. शब्द पाळण्यासाठी तीन अर्धे दिवस दुकान बंद ठेवणारा. आणि ती? ती तरी फेड करत नव्हती कशावरून? पोटच्या मुलीनं करायचं ते परक्यानं केलं, तर परक्याला आपलं करून टाकावं, म्हणजे हिशेब मिटतो. आन्यानं हेच विचारलं होतं. पोर कधी मोठी झाली इतकी.

सोमवारपर्यंत तिनं त्याला फोन केला नाही. त्यानंही केला नाही, म्हणजे त्याला ठाऊक होतं. सोमवारी साडेसहाला तिनं लावला.

"पानं मिळाली," ती म्हणाली. "चार डिसेंबर पाहिलं होतंस?"

"त्याच दिवशी पाहिलं. मी रिक्षावाल्याशी बोलत होतो, तोवर अण्णांनी लिहून टाकलं."

"मग?"

"मग मी म्हटलं, अण्णा, हे खोडा. तर म्हणाले, गार्डच्या वहीत खाडाखोड चालत नाही. मी म्हटलं, अहो पण हे खरं नाहीये. तर म्हणाले, गाडी लेट आहे. रद्द नाही."

ती हसली नाही, कारण हसली असती तर बाकीचं विचारता आलं नसतं. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होतो? गिरिजाताई, तुमच्या वडिलांनी असं असं लिहिलंय? त्या दिवसापासून मला तुला ताई म्हणता येईना. आणि नुसतं नाव घ्यायची हिंमत होईना."

तिला आठवलं. डिसेंबरपासून पुढे किती तरी महिने त्यानं तिला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. ऐका ना, म्हणायचा. बरं का, म्हणायचा. अग्नी कोण देणार हे विचारतानाही त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं.

"शेखर, तू अण्णांसाठी हे करत असशील तर आत्ता सांग."

तिकडे दुकानात कुणीतरी आलं असावं. 'पाच मिनिटांनी या हो,' असं त्याचं दुसरीकडे बोललेलं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "अण्णांनी लिहिलं म्हणून मला सुचलं, हे खरं आहे. नाही तर सुचलं नसतं, खोटं कशाला बोलू. पण त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं. शब्द एकदा पाळायचा असतो. रोज संध्याकाळी पाच वाजले की घड्याळाकडे बघत बसायचं, हे कुणाच्या शब्दाखातर होत नाही."

एवढं बोलून त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण लगेच तो म्हणाला, "आणि ते कापड जपून ठेव, चांगल्यातलं आहे."

व्हिसाचं काम बघणारी वकील विनीता दुसऱ्या राज्यात, हर्नडनला राहायची. गिरिजाची तिची ओळख व्हिडिओ कॉलपुरतीच. नागपूरकडची होती, बोलणं भराभर आणि प्रेमळ. पानं बघून ती आधी खूश झाली. मग चार डिसेंबरशी थांबली. "हे पान नाही पाठवायचं," ती म्हणाली.

"का?"

"अहो गिरिजाताई, हा फियान्से व्हिसा आहे. म्हणजे लग्न झालेलं नसलं पाहिजे. इथे लिहिलंय सन-इन-लॉ, शिक्क्यासकट. ऑफिसर म्हणेल, ह्यांचं लग्न तेव्हाच झालंय, लपवतायत. सगळी केस बसेल. नोव्हेंबरच्या नऊ एंट्रीज आहेत ना, इनफ आहेत. बाकीची पानं द्यायचीच कशाला?"

शहाणपणाचं होतं. नोव्हेंबरची तीन पानं पुरेशी होती, कुणी खोटं बोलत नव्हतं. गिरिजा दोन दिवस तेच ठरवून वागली. पण लॅबमध्ये काम करताना मन तिथेच जाई. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या शरीराच्या चकत्या कापल्या होत्या, आणि नको ते दिसतंय म्हणून एकही कधी टाकून दिली नव्हती. शिवाय तिला वाटे, हे पान गाळलं तर आपण अण्णांना गाळलं. आणि शेखरच्या त्या पुढच्या सगळ्या 'शेजारीं'ना. कारण त्या एका पानाशिवाय त्या शब्दाला काही वजनच नव्हतं. ते पान वाचल्यावरच कळत होतं की माणूस मुद्दाम, दर खेपेला, स्वतःला आवरून तो शब्द लिहीत होता. तिच्यावर प्रेम करणारं कुणी असेल तर त्याचा यापेक्षा मोठा पुरावा तिच्याकडे नव्हता, आणि तोच नेमका धोक्याचा होता.

पुराव्याबरोबर इंग्रजी भाषांतर लागणार होतं. तिचं स्वतःचं चालणार नव्हतं, असं विनीता म्हणाली. दोन्ही भाषा येणाऱ्या दुसऱ्या कुणी सही करायची. रविवारी आन्या आली तेव्हा गिरिजानं तिला विचारलं. आन्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत पाच वर्षं गेली होती, रडत रडत. ती टेबलाशी बसली, केस वर बांधले आणि बोट ठेवून वाचू लागली. "शे-जा-री. नेबर. मु-ल-गी. डॉटर. दॅट्स यू." पुढे तिचा वेग वाढला, शेजारी शेजारी करत ती पानं उलटत गेली. मग थांबली. "जा. व. ई. आई, जावई म्हणजे?"

गिरिजा सिंकशी उभी होती. "आठव," म्हणाली.

आन्यानं ओठांनी तो शब्द दोनदा उच्चारला. तिच्या चेहऱ्यावर तो कुठून तरी वर येताना दिसला. कुठल्या तरी लग्नातला, कुणाच्या तरी मस्करीतला. "सन-इन-लॉ?" ती म्हणाली. मग अक्षराजवळ तोंड नेऊन पाहिलं. "धिस इज अण्णा-आजोबा'ज रायटिंग. वाढदिवसाच्या कार्डवरचं." आणि मग, "आजोबांना माहीत होतं? तुझ्याआधी?"

"माझ्याआधी. आणि बहुतेक शेखरच्याही आधी."

गिरिजानं तिला सगळं सांगितलं. गाडी लेट आहे, रद्द नाही, हे इंग्रजीत नीट होईना म्हणून दोघी बराच वेळ त्यावर अडून बसल्या. आन्याचे डोळे भरून आले होते, पण ती भांडत होती ते 'कॅन्सल्ड' की 'स्क्रॅप्ड' यावर. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाली, "हे पाठवायचं. ऑफ कोर्स हे पाठवायचं."

विनीताचा सल्ला मोडून गिरिजानं सगळी पानं पाठवली, आणि सोबत एक निवेदन. ते तिनं एका बैठकीत लिहिलं, आधी मराठीत. 'चार डिसेंबरच्या नोंदीत माझ्या वडिलांनी श्री. चंद्रशेखर यांना जावई म्हटलं आहे. ही नोंद चुकीची आहे. तेव्हा ते माझ्या वडिलांचे शेजारी होते आणि आमच्यात लग्नाचं बोलणंही झालेलं नव्हतं. माझे वडील तेव्हा शुद्धीत होते आणि त्यांना आपण काय लिहितो हे समजत होतं. आम्ही दोघं अद्याप अविवाहित आहोत. नोंद खरी करण्याची परवानगी मिळावी, यासाठी हा अर्ज आहे.' विनीतानं ते वाचलं, कपाळाला हात लावला, आणि शेवटचं वाक्य काढायला सांगितलं. मग पाच मिनिटांनी परत फोन करून म्हणाली, राहू द्या.

होकार ऑगस्टमध्ये आला. एकच कागद होता. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीला डिसेंबर उजाडला. शेखर आदल्या रात्रीच्या गाडीनं गेला, मुलाखत झाल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यानं फोन लावला. तिच्याकडे तेव्हा अजून उजाडायचं होतं. खिडकीपलीकडे एक तरुण बाई होती, सांगत होता. सगळे कागद तिच्यापुढे होते. तिनं एकच गोष्ट नीट विचारली, की दोन वर्षं तुम्ही या गृहस्थांना दवाखान्यात का नेत होतात?

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझं दुकान समोरच होतं."

"एवढंच?"

"मग काय सांगणार? तिनं माझ्याकडे बघितलं जरा. मग म्हणाली, व्हिसा मंजूर."

जानेवारीत तो आला. विमानतळावर आन्या गेली होती गिरिजासोबत, जास्तीचा कोट घेऊन. शेखर बाहेर आला तो चालणाऱ्यांच्या गर्दीत सगळ्यांना वाट देत देत, सगळ्यात शेवटी. आन्यानं त्याला कोट घातला, चेन वर ओढली, आणि शुद्ध मराठीत, शब्द मोजत म्हणाली, "शेखरकाका, प्रवास कसा झाला?" तो म्हणाला, "खिडकी मिळाली होती." पुढचे तीन दिवस चांगले गेले. चौथ्या दिवशी गिरिजा कामावरून परतली. संध्याकाळचे पाच, उणे वीस तापमान, प्रकाश गेलेला. गराजचं दार वर गेलं, तिनं गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं, आणि तिला उतरता येईना.

घरात दिवा होता. तिनं लावलेला नव्हता. आन्या दुसरीकडे राहायला गेल्यापासून ती या वेळी अंधाऱ्या घरात यायची, आणि दिवा लावायची त्या क्षणी दिवस तिचा व्हायचा. आता आत एक माणूस होता. त्यानं तिखटाचा डबा वरच्या फळीवर ठेवला होता. त्याच्या अंघोळीनंतर आरशावर वाफ राहत होती. तो सकाळी खाकरायचा. फोनवर तो नुसता आवाज होता आणि आवाज कुठेही मावतो. माणसाला खुर्ची लागते, खुंटी लागते. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, याविषयी तिच्या मनात तिळभर शंका नव्हती, आणि तरी हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. भीती नव्हती ती. आपण एकटेपणात चांगले होतो, आणि आता ते सोडायचं होतं, म्हणून वाटणारं काहीतरी. याचं नाव तिला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. घराचं आतलं दार उघडलं. शेखर मोजे घालून, वर आन्यानं दिलेला कोट चढवून, पायऱ्या उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि शेजारच्या सीटवर बसला. दार लावून घेतलं. समोर गराजच्या भिंतीला टांगलेलं बर्फाचं फावडं होतं, दोघं त्याच्याकडे बघत राहिले.

"हे मोठं दार आतून बंद कसं करतात?" त्यानं विचारलं. "गार वारं येतंय."

तिनं बटण दाखवलं. त्यानं दाबलं. दार कुरकुरत खाली आलं आणि रस्ता दिसेनासा झाला.

"लग्नाला नव्वद दिवसांची मुदत आहे ना आपल्याला?" तो म्हणाला. "चार झाले. तुला जड जात असेल तर सांग. मी वाईट वाटून घेणार नाही. दुकानाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे."

"तुला जातंय का जड?"

"जातंय," तो म्हणाला, सरळ. "आज दिवसभरात खिडकीतून एकच माणूस दिसलं. एक बाई कुत्र्याला घेऊन गेली. मी हात केला. तिनंही केला."

गिरिजाला हसू फुटलं, आणि हसताना तिचे हात आपसूक मांडीवर आले. "ती लिंडा," ती म्हणाली. "उद्या परत त्याच वेळी जाईल."

"मग उद्याचं झालं," शेखर म्हणाला.

"सोमवारी मी रजा टाकते. काउंटीच्या ऑफिसात जाऊन लग्नाचं लायसन्स काढू."

"लगेच सोमवारी?"

"मंगळवारी थंडी वाढणार आहे म्हणतात."

त्यानं यावर विचार केला, खरोखरच केला, जसा तो नंबर काढताना दोन काचांमध्ये करायचा. "बरं," तो म्हणाला. वरचा दिवा आपोआप विझला आणि गराजमध्ये अंधार झाला. तो उतरायला म्हणून दाराची कडी चाचपू लागला.

"थांब," ती म्हणाली. "पाच मिनिटं बस अजून."

त्यानं कडीवरचा हात काढून घेतला.